कोर्सपेक्षा बारबॅक बरं

कोणीतरी म्हटलंय की बारटेंडर व्हायचं तर आधी कोर्स करून ५० कॉकटेल पाठ करा, मगच काम मागा. मला नाही पटत. मी बारबॅक म्हणून लागलो, म्हणजे बारटेंडरच्या हाताखालचा मदतनीस, बर्फ भरा, ग्लास पुसा, लिंबं कापा, आणि पहिल्याच आठवड्यात स्कूप सापडेना म्हणून ग्लासनेच बर्फ उपसला तर त्याचा टवका उडाला, आता बर्फात काच कुठे दिसणार, म्हणून सगळा बर्फ गरम पाण्याने वितळवून पेटी धुवावी लागली, तेही ऐन गर्दीत. शिव्या वेगळ्याच!

बाकी न मापता ओतायचा हात बसवायचा तर घरी बाटलीत पाणी भरून तोंडाला पोअरर (धार एकसारखी पडायची तोटी) लावा, सावकाश चार मोजेपर्यंत ओता, मग जिगरने (दारू मापायच्या छोट्या कपाने) मापा, ६०च्या आसपास मिली यायला हवं. माझं कधी ४५, कधी ७५ यायचं.