घराचा बर्गलर अलार्म: किट आणून स्वतः लावावा की माणूस बोलवावा?

कडीकोयंडा

सांगलीला आई-बाबांचं बैठं घर आहे. दिवाळी झाली की ते भावाकडे बेंगळुरूला जातात आणि उन्हाळा सरता सरता परततात. तोवर घराला कुलूप. मागच्या हिवाळ्यात त्याच गल्लीतली बंद घरं फुटली आणि बाबांनी अलार्मचं मनावर घेतलं. एका एजन्सीचा माणूस घर बघून गेला. कोटेशन ३५ हजारांच्या वर, शिवाय दरवर्षीची एएमसी (देखभालीचा करार) वेगळी. वायरलेस किट त्याच्या पाव किमतीत येतं: पॅनेल म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, दार उघडून चुंबक लांब गेला की कळवणारे मॅग्नेट सेन्सर, माणसाच्या अंगाची उष्णता हलली की ओळखणारे दोन पीआयआर, भोंगा आणि रिमोट.

माझं मत असं की ज्याला ड्रिल धरता येतं आणि मॅन्युअल शेवटपर्यंत वाचायची तयारी आहे, त्याने अलार्म स्वतःच लावावा.

पैसे वाचतात हे खरं, पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. पॅनेलला मालकाचा कोड असतो तसा एक इन्स्टॉलर कोडही असतो. तो हाती असला की कुठलाही झोन (घराचा एक भाग किंवा सेन्सर) बंद करता येतो, वेळा बदलता येतात, भोंगा गप्प करता येतो. कित्येक घरांत हा कोड कंपनीतून आला तसाच राहतो आणि मालकाला तो कुणी सांगतही नाही. शिवाय एजन्सीच्या ज्या मुलांनी भिंतींना भोकं पाडली त्यांना ठाऊक असतं की मागच्या न्हाणीघराच्या खिडकीला सेन्सर नाही. ती मुलं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण घराची राखण ज्याच्यावर सोपवायची, त्याचा मुख्य कोडच माझ्याकडे नसावा हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे अलार्म एकदा लावला की काम संपलं असं होत नाही. सेन्सरचे सेल बदलावे लागतात, कपाट सरकवलं की पीआयआरच्या आड येतं, सिमचा रिचार्ज संपतो. ज्याने स्वतः लावलंय त्याला कुठे काय बिघडलंय ते लगेच कळतं. बाकीचे "उद्या माणूस पाठवतो" ऐकत बसतात.

वायर_आणि_पट्टी

मी कोल्हापूर-इचलकरंजी भागात हेच काम करतो, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो. तरी म्हणतो, महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या बैठ्या घराला किट स्वतः लावू नका.

सेन्सर कसा बसवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. तुमच्या घरात नेमका कुठल्या भिंतीला, ते मॅन्युअल सांगू शकत नाही. पीआयआरला समोरून आडवा जाणारा माणूस चटकन दिसतो, सरळ त्याच्याच दिशेने येणारा उशिरा. म्हणून तो दाराच्या थेट समोर न लावता कोपऱ्यात, साधारण सात फुटांवर, चोराची वाट आडवी येईल असा लावायचा. लोक तो पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून लावतात. मग संध्याकाळचं ऊन आत आलं, पडदा हलला की भोंगा सुरू. पुढच्या पांढऱ्या प्लास्टिकवरून पाल सरकली तरी तो फसतो, म्हणून ट्यूबलाइटच्या शेजारची जागा टाळायची. तिथे किडे येतात आणि किड्यांमागून पाली.

लोखंडी सेफ्टी डोअरला किटमधलं छोटं मॅग्नेट थेट चिकटवलं तर लोखंडामुळे त्याचा जोर कमी पडतो. त्यासाठी जाड, वेगळा सेन्सर मिळतो, नाहीतर मध्ये लाकडाची पट्टी द्यावी लागते. जुनं लाकडी दार पावसात फुगतं. मे महिन्यात मॅग्नेट आणि सेन्सरमध्ये जमवलेली फट ऑगस्टमध्ये तशी राहत नाही.

सगळ्यात मोठी गडबड पॅनेलच्या जागेची. स्वस्त किटमध्ये भोंगा, बॅटरी, सिम सगळं एकाच डबीत असतं. कोड दाबायला सोयीचं म्हणून लोक ती डबी मुख्य दाराजवळच लावतात. आत आल्यावर कोड दाबायला मालकाला २०-३० सेकंदांची सवलत दिलेली असते, तीच चोरालाही मिळते. तेवढ्यात त्याने डबी भिंतीवरून उपटून आपटली की भोंगाही गेला आणि फोनही. आम्ही दाराशी फक्त कीपॅड देतो, पॅनेल आतल्या खोलीत लपवतो आणि बाहेरचा भोंगा शिडीशिवाय हात पोचणार नाही इतका वर घेतो.

शिवाय तारेच्या अलार्ममध्ये प्रत्येक तारेच्या शेवटी, सेन्सरच्या आत, एक छोटा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग) असतो. पॅनेल त्याचा अडथळा सतत मोजत असतं. कुणी तार कापली किंवा वाटेत दोन तारा एकमेकींना जोडल्या तरी पॅनेलला कळतं. ४३३ मेगाहर्ट्‌झच्या स्वस्त वायरलेस सेन्सरमध्ये हे नाही. तो फक्त दार उघडल्यावर एकदा ओरडून सांगतो. त्याचा सेल संपून तो मेला तरी पॅनेलला पत्ता नसतो, आणि तुम्ही बेंगळुरूला.

कडीकोयंडा

जागांबद्दलचं सगळं मान्य, वहीत उतरवून घेतलं. पण तुम्ही रेझिस्टरचं काढलंत म्हणून सांगतो. मामांच्या जयसिंगपूरच्या घरी एका व्यावसायिकाने तारेचा अलार्म लावून दिलाय. मी पॅनेलचं झाकण उघडून पाहिलं. लाल-लाल-लाल पट्ट्यांचे सगळे रेझिस्टर पॅनेलच्याच टर्मिनलला, तारेसकट एका स्क्रूखाली दाबलेले. सेन्सरच्या आत एकही नाही. म्हणजे पुढे तार कुणी शॉर्ट केली तर पॅनेलला सगळं आलबेलच दिसणार. शिडी वाचवण्यासाठी केलेलं काम, आणि मामांनी त्याचे पूर्ण पैसे दिलेत.

तुम्ही वर्णन करता तसा कारागीर मिळाला तर कोण नाही म्हणेल? पण घरमालकाने तो ओळखायचा कसा?

वायर_आणि_पट्टी

असं काम करणारे आमच्यात आहेत आणि त्यांच्यामुळे आमचं नाव खराब होतं. ओळखायचा असा: काम संपल्यावर प्रत्येक सेन्सरचं झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. रेझिस्टर आत दिसला पाहिजे. नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. इन्स्टॉलर कोड बदलून, कागदावर लिहून मागा. जो द्यायला कां-कू करतो त्याला काम देऊच नका. मामांना फसवलं गेलं हे वाईटच झालं. पण त्यावरून अलार्म ज्याने त्याने घरी लावावा हे सिद्ध होत नाही.

तिसरा_मजला

डोंबिवलीच्या सोसायटीतून लिहितेय. आमच्या वरच्या मजल्यावर असाच हौसेने लावलेला अलार्म आहे. बाल्कनीत कबुतरं येतात आणि रात्री-बेरात्री भोंगा सुरू होतो. मालक परदेशात. आपोआप बंद होण्याची वेळ लावलेलीच नाही, वॉचमनकडे कोड नाही, किल्ली कुणाकडे आहे ते माहीत नाही. लहान मुलं दचकून उठतात. आता तो वाजला तरी आमच्या जिन्यात एकही दार उघडत नाही. उद्या तिथे खरंच चोर शिरला तर आम्ही कबुतरच समजणार. ज्यांना स्वतः लावायचाय त्यांनी लावा, पण शेजारी त्यात ओढले जातात हे ध्यानात ठेवा. म्हणून माझं मत पैसे देऊन माणूस बोलावण्याच्या बाजूने, निदान फ्लॅटमध्ये तरी.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये हा वाद वेगळ्या कारणाने मिटतो. इथे अलार्म वाजल्यावर मॉनिटरिंग सेंटरमार्फत पोलिसांनी यावं असं वाटत असेल तर पोलिसांकडून यूआरएन नावाचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो एनएसआय किंवा एसएसएआयबी या संस्थांनी प्रमाणित केलेल्या कंपनीने लावलेल्या अलार्मलाच मिळतो. खोटे अलार्म वारंवार गेले तर पोलिसांचा तो प्रतिसाद काढून घेतला जातो. घरासाठी साधारणपणे ईएन ५०१३१ या मानकाची ग्रेड २ लावतात. स्वतः लावलेलं किट वाजलं तर ते तुमच्या मोबाइलवर वाजतं, पुढे ९९९ ला फोन करून आत कोणी शिरल्याचं तुम्हीच पटवायचं. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांनाही ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास पोलीस त्याबद्दल सावध करतात. मी प्रमाणित कंपनीकडूनच करून घेतलं, आणि त्याचं कारण एवढंच की त्या पैशांत पोलिसांचं येणं मिळतं.

सांगलीत ते मिळत नाही. तिथे ११२ ला फोन केल्यावर अलार्म कुणी लावला हे कोणी विचारणार नाही. म्हणजे व्यावसायिकाला दिलेल्या पैशांत फक्त त्याचं कौशल्य मिळतं, आणि कौशल्य शिकता येतं. मी धागाकर्त्याच्या बाजूने.

मोर्णाकाठ

अकोल्याचा एक मुद्दा राहिला. बंद घर, वर स्लॅब, मे महिना. आतली हवा आणि भिंती माणसाच्या अंगाइतक्या तापतात. पीआयआर उष्णतेतला फरक ओळखतो. फरकच उरला नाही तर माणूस समोरून गेला तरी त्याला नीट दिसत नाही. दुकानदार मग पीआयआरला मायक्रोवेव्ह लहरींनी हालचाल ओळखणारा भाग जोडलेला ड्युअल सेन्सर दाखवतात. तो खोटे अलार्म कमी करायला चांगला, पण सहसा दोन्ही भागांनी होकार दिला तरच वाजतो, म्हणजे पीआयआर आंधळा झाला तर हाही गप्प. तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा घ्या, आणि खरी भिस्त दारं-खिडक्यांच्या मॅग्नेट सेन्सरवर ठेवा. सांगलीचा उन्हाळाही काही कमी नसतो. आमच्याकडे एजन्सीच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं, म्हणून व्यावसायिकाला हे ठाऊक असतंच यावर माझा भरवसा नाही.

गुहागरची_सई

मी उलट बाजूने. आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की वाय-फायवरचं किट मुकं. सिमवाला घ्या म्हणतात, पण कित्येक स्वस्त पॅनेलमधला डायलर (फोन लावणारा भाग) टूजीचा असतो, आणि जिओचं जाळं फोरजीपासून पुढचं, त्यामुळे ते सिम त्यात चालतच नाही. पॅनेलमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, दिवा मात्र हिरवाच दिसत राहतो. आणि विजा! लांब तारा असल्या की कडकडाटात पॅनेल जळायची भीती, अर्थिंग चांगलं हवं. हे सगळं बघायला मी आमच्या गावातल्याच वायरमनला धरलाय. त्याला अलार्मचं शिक्षण नाही, पण आईचा फोन गेला की तो संध्याकाळपर्यंत येतो. आई एकटी असते. तिला मॅन्युअल वाचणारा मुलगा पुण्यात असून काय उपयोग?

कडीकोयंडा, तुमच्या बाबांना रात्री काही अडलं तर तुम्ही सांगलीला किती वेळात पोचाल?

कडीकोयंडा

ताई, प्रश्न बरोबर आहे. पण मी लावणार ते आई-बाबा घरात असतानाच्या काळासाठी नाही, घर बंद असतानासाठी. तेव्हा तिथे कुणीच अडकलेलं नसतं.

मोर्णाकाठ यांचं वाचून बेत बदललाय. पीआयआर फक्त मधल्या खोलीत, बाकी सहाही दारं-खिडक्यांना मॅग्नेट. किटही बदलतोय: सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी देतात आणि हजेरी चुकली की पॅनेल कळवतं असं दुतर्फा वायरलेसचं, फोरजी सिमचं. महाग आहे, तरी कोटेशनच्या निम्म्यातच बसतं. माणूस बोलावणार नाही, यावर ठाम आहे.

वायर_आणि_पट्टी

हे किट चांगलं, वाद नाही. पण मला सांगा, वाजल्यावर त्या घराकडे चालत कोण जाणार? आमच्याकडे चोर आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात आणि मग काम सुरू करतात. भोंगा ऐकून शेजारी उठला तरी त्याला बाहेर पडता येत नाही.

कडीकोयंडा

म्हणून फोनच्या यादीत शेजारचं घर एकच ठेवलंय. दुसरा नंबर पलीकडच्या चौकातल्या किराणा दुकानदाराचा. तो दुकानाच्या वरच राहतो आणि बाबांचा जुना मित्र आहे. तिसरा माझा, मी ११२ ला फोन करून पत्ता देईन. दोघांशी बोलून घेतलंय, भोंगा पाच मिनिटांनी आपोआप थांबेल हेही सांगितलंय. एजन्सीच्या माणसाने यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्याला फक्त खिडक्या मोजायच्या होत्या.

वायर_आणि_पट्टी

मग एवढं नक्की करा. आई-बाबा निघण्याच्या आदल्या रात्री मेन स्विच पाडा आणि तसाच राहू द्या. सकाळी मागचं दार उघडा आणि तिन्ही फोन वाजतात का बघा. नंतर एका सेन्सरचा सेल काढून ठेवा आणि पॅनेल किती तासांनी तक्रार करतं ते लिहून ठेवा. यातलं एक जरी जमलं नाही तर मला नको, पण सांगलीतल्या कुणाला तरी घरी बोलवा आणि मगच कुलूप लावा.