व्हिसाची वाट बघताना बॅग भरलेली ठेवायची की उपसायची? (कोल्हापूर, नवरा अमेरिकेत)

चटणी_पार्सल

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज लिहितेच म्हटलं. आमचं लग्न डिसेंबर २०२३ ला झालं. नवरा मूळचा इचलकरंजीचा पण आता तिकडचा सिटिझन आहे, सिॲटलजवळ असतो. मार्च २०२४ ला त्याने आय-१३० (बायकोसाठीचा पिटिशनचा फॉर्म) ऑनलाइन भरला आणि तो मंजूर व्हायला जून २०२५ उजाडला. मग एनव्हीसी (तिकडचं नॅशनल व्हिसा सेंटर), तिथली ३२५ आणि १२० डॉलर फी, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म, त्याचे टॅक्सचे कागद, माझं पोलीस क्लिअरन्स, असं सगळं चढवून ऑक्टोबरात 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' झालो, म्हणजे कागद पुरे झाले, असा मेल आला. त्यानंतर सामसूम. पाच महिने झाले, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या इंटरव्ह्यूचं पत्र काही येत नाही.

चूक माझीच आहे. जूनमधे मंजुरीचा मेल आला तेव्हा आता काय दोन-तीन महिन्यात जाणार म्हणून मी शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडली, फाउंड्रीत क्वालिटीला होते, बरं चाललं होतं. बॅग पण आणली, वजनकाट्यावर ठेवून २३ किलोत बसवली, पोळपाट-लाटणं घालून. गेल्या उन्हाळ्यात आईने माझ्या वाटणीची दोन किलो चटणी वेगळी बांधून ठेवली होती, दोन प्लास्टिक पिशव्या, वरून कापड, त्यावर मार्करने माझं नाव. ती दिवाळीनंतर घरातच फुटली कारण घरची संपली होती. परवा आई विचारते यंदा मिरची किती आणायची, तुझी धरून की सोडून? मला उत्तरच देता येईना, बाथरूममधे जाऊन रडून आले. चटणीवरून रडणारी मी पहिलीच असेन.

आणि लोक. गल्लीत शिरलं की "अजून हितंच व्हय?" सासरी चार दिवस, माहेरी चार दिवस, तासाभराचं अंतर पण दोन्हीकडे पाहुणीच. माहेरी जास्त राहिलं तर शेजारच्या काकू आईला हळू आवाजात "सगळं बरं आहे ना?" विचारतात. नवऱ्याशी बोलणं म्हणजे माझे सकाळचे ८ तेव्हा त्याचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, मी ताजी आणि तो दमलेला, हल्ली विषय एकच, "काही मेल?" "नाही, तुला?" मग भांडण.

टुरिस्ट व्हिसावर दोन महिने जाऊन येता येतं का? एक एजंट म्हणतोय ४० हजारात मुंबईची तारीख लवकर काढून देतो, ते खरं असतं का? आणि मुख्य म्हणजे तुम्ही हे दिवस काढले कसे?

डॅलसकर_शाहूपुरीची

आधी एजंटला हाकल. इंटरव्ह्यूची तारीख एनव्हीसी लावतं, क्वालिफाइड झाल्याच्या क्रमाने आणि मुंबईत जागा असतील तशी. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट केसेस मुंबईलाच येतात, तिथं एजंटचा मामा बसलेला नाही. ते ४० हजार तिकिटाला ठेव.

मी पण ह्यातनंच गेलोय (हो मी बाईच आहे, आमच्यात बायका पण आलो-गेलो म्हणतात, इथं पुण्याच्या मैत्रिणी अजून हसतात). माझं एनव्हीसीनंतर सात महिने लागले होते, त्यातले पहिले तीन मी दर तासाला मेल बघण्यात घालवले. नंतर नवऱ्याने दोघांच्या मेलची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि माझ्या फोनमधनं तो अकाउंट काढूनच टाकला. रविवारी एकदा केसबद्दल बोलायचं, बाकीचे दिवस तो विषय बंद. पहिल्या आठवड्यात बोलायलाच काही सुचेना. मग तो तिकडं भाजी करताना व्हिडिओ लावून ठेवायचा आणि मी हिकडं नाश्त्याला बसायचो, कुणी फारसं बोलायचं नाही, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. खरं सांगतो, त्या फोनमुळं संसार वाटला.

टुरिस्ट व्हिसाचं असं आहे की अर्ज करायला बंदी नाही, पण फॉर्ममधे विचारतात की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का, तिथं हो लिहावंच लागतं, खोटं लिहिलंस तर जन्माचं नुकसान. आणि हो लिहिलं की परत येणार हे पटवायचं ओझं तुझ्यावर, बहुतेक वेळा २१४-बी ह्या कलमाखाली नाही म्हणतात. तुझी तर नोकरी पण नाही आता. त्यापेक्षा त्याला इकडं बोलव, नाहीतर दोघांना जमेल अशा तिसऱ्या देशात भेटा. आम्ही आठ दिवस थायलंडला भेटलो. तिकिटं, बोर्डिंग पास, फोटो जपून ठेव, इंटरव्ह्यूला तेच पुरावे होतात.

एक चांगली गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. तुमच्या लग्नाला डिसेंबरात दोन वर्षं झाली ना? मग तुझ्या व्हिसाचा प्रकार आता सीआर-१ नाही, आयआर-१. दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलं की दोन वर्षांचंच कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं आणि संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती कंडिशन काढायचा आय-७५१ फॉर्म भरून परत सगळे पुरावे द्यायला लागतात, परत फी, परत वाट. तुला थेट १० वर्षांचं मिळणार. माझं दोन वर्षाला सतरा दिवस कमी पडले आणि मी ते सगळं परत केलं, त्यामुळं ह्या बाबतीत मला तुझा हेवाच वाटतो. व्हिसावर चुकून सीआर-१ आलंच तर विमानतळावरच्या ऑफिसरला लग्नाची तारीख दाखव.

रिकामा वेळ आहे तोवर नावं तपास. महापालिकेचा नमुना ई चा दाखला, पासपोर्ट, जन्मदाखला, तिन्हीत मधलं नाव काय आहे बघ, वडिलांचं की नवऱ्याचं. वेगळं असलं तरी चालतं पण का वेगळं आहे हे सांगणारा कागद हातात पाहिजे. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. ते चढवून घ्यायला चार चकरा झाल्या. आणि आता मधेच हौसेनं पासपोर्टवर नाव बदलायला जाऊ नको.

निवृत्त_पण_बिझी

बाळ, मी वडील या नात्याने लिहितो. माझ्या लेकीचं असंच झालं, जावई न्यू जर्सीला. नोकरी सोड म्हणून मीच मागं लागलो होतो, म्हटलं जाताना धावपळ नको, चार दिवस आईजवळ राहा. ते चार दिवस तेरा महिने झाले. आमची बँकेतली पोरगी, कॅश मोजताना मान वर न करणारी, ती सकाळी अकरापर्यंत झोपायला लागली. जेवायला बोलावलं की भूक नाही. मला वाटायचं विरह आहे, होईल बरं. तिच्या आईच्या लवकर लक्षात आलं की हे विरहाचं नाही, रिकामपणाचं आहे.

शेवटी राजारामपुरीत एका ओळखीच्या सीएंकडे तिला अर्धा दिवस बसवलं. पगार म्हणाल तर पेट्रोल सुटेल एवढा. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिथल्या गमती सांगायला लागली तेव्हा आम्ही दोघं नुसतं एकमेकांकडं बघत राहिलो. पत्र आलं तेव्हा जीएसटी रिटर्नच्या तारखा आहेत म्हणून हिनेच दोन दिवस उशिरा मुंबईला निघायचं ठरवलं होतं! मी ओरडलो तेव्हा निघाली.

लोकांचं म्हणशील तर मी एक उत्तर ठरवलं होतं. कुणी विचारलं "कधी जाणार?" की म्हणायचो, "जाताना पेढे घेऊन येतो, तोवर विचारू नका, पेढे कमी येतील." कोल्हापुरात हे बरोबर समजतं.

बुलेटिन_बहाद्दर

ताई, तुम्ही निदान सिटिझनच्या बायको आहात, तुम्हाला वर्षाला इतकेच व्हिसे असा कोटा नाही. माझी बायको ग्रीन कार्डवर आहे, म्हणजे माझी केस एफ-२ए ह्या कोट्यातल्या प्रकारात, आय-१३० ची पावती पडलेली तारीख हीच माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर, आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन येतं त्यात ती तारीख पुढं सरकली का बघायचं. कधी सरकते, कधी महिनोन् महिने आहे तिथंच, कधी कधी मागं पण जाते. मटक्याचा आकडा बघावा तसं माझे मित्रच आता बुलेटिन बघतात, "भावा, हलली का?" ती ग्रीन कार्डला पाच वर्षं होऊन सिटिझन झाली की एनव्हीसीला कळवायचं आणि मग मी पण कोट्याबाहेर. तोवर बसलोय.

आणि बायको जाते नवऱ्याकडं हे लोकांना कळतं तरी. मी पुरुष, बायकोकडं जाणार, त्यामुळं माझ्यासाठी वेगळी व्हरायटी आहे: "काय जावईबापू, सासरवाडी अमेरिकेत, स्वयंपाक शिकलास का?" सुरुवातीला डोकं फिरायचं. आता म्हणतो होय, पांढरा रस्सा जमतोय, तांबडा अजून पातळ होतोय. खरंच शिकलोय. रविवारी रात्री बायको तिकडनं व्हिडिओवर बघते आणि मी इकडं खोबरं-तीळ-खसखस वाटतो, ती नुसत्या रंगावरनं सांगते मिरची कमी पडली.

मी पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो. कोण म्हणेल ध्यान करा, डायरी लिहा, माझ्याच्यानं होत नाही. चालताना मात्र डोकं गप्प बसतं. पण रात्रीचे एक ते तीन वाईट, त्यावर मला अजून औषध सापडलं नाही. कुणाला सापडलं तर सांगा.

डॅलसकर_शाहूपुरीची

बहाद्दर भाऊ, रात्रीचं मला पण जमलं नव्हतं. फक्त फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचो, उठून जायचा कंटाळा यायचा.

चटणी, अजून दोन-तीन आठवलं ते सांगतो. एनव्हीसीच्या साइटवर मधनंमधनं लॉगिन करत जा, वर्षभर काहीच हालचाल नसली तर केस बंद करायची तरतूद आहे. तुझा केस नंबर बीएमबीनं सुरू होतो का बघ, म्हणजे मुंबईला लागलीय. नवऱ्याने यंदाचा टॅक्स भरला की त्याची नवी कॉपी तुझ्या फाइलला लाव, इंटरव्ह्यूला ताजी विचारू शकतात, आय-८६४ ला (नवऱ्याने द्यायचं खर्चाचं हमीपत्र) उत्पन्न तिकडच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के लागतं ते ह्यावरनंच बघतात. अगदीच अडकलं असं वाटलं तर त्याने तिकडच्या आपल्या खासदाराच्या, म्हणजे काँग्रेसमनच्या ऑफिसला लिहावं, एक प्रायव्हसीचा फॉर्म सही करून दिला की ते चौकशी करतात. रांग त्यानं पुढं जात नाही, पण फाइल हरवलेली नाही एवढं कळतं आणि त्या रात्री झोप लागते.

पत्र आल्यावर मात्र पळापळ असते. मुंबईत बायोमेट्रिक, मेडिकल आणि इंटरव्ह्यू. लसींचा जुना कागद आत्ताच शोधून ठेव. मेडिकलला छातीचा एक्स-रे असतो, त्यात शंका आली तर थुंकीची कल्चर टेस्ट करतात आणि तिचा निकाल यायला आठ आठवडे जाऊ शकतात, म्हणून इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवसावर ढकलू नको. विमानाचं तिकीट पासपोर्ट हातात पडल्याशिवाय काढायचं नाही, कुणी कितीही स्वस्त दाखवलं तरी. आम्ही रात्रीच्या महालक्ष्मीनं गेलो, दादरला उतरलो, बीकेसीतल्या वकिलातीत आत फोन-बॅग काही नेऊ देत नाहीत म्हणून बाबा बाहेर माझी पर्स घेऊन दोन तास उभे, अख्ख्या जन्मात बायकांची पर्स धरली नव्हती त्यांनी. आत मला चारच प्रश्न विचारले. त्यातला एक होता की नवऱ्याला स्वयंपाकातलं काय येतं, आणि मी ती रोजची भाजी-कुकर आठवून हसायलाच लागलो, ऑफिसर पण हसली.

चटणी_पार्सल

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री तीनदा वाचलं. आयआर-१ चं खरंच माहीत नव्हतं, नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला "म्हणजे उशीर झाला ते बरंच झालं म्हणायचं का?" मी म्हटलं तोंड सांभाळ, पण पहिल्यांदाच त्या विषयावर हसलो.

काका, तुमचं वाचून मी आज जुन्या सरांना फोन केला. करायच्या आधी वाटत होतं कुठल्या तोंडाने करू. ते म्हणाले तुझ्या जागी घेतलेल्या मुलाला अजून मायक्रोमीटर धरता येत नाही, सोमवारी ये, कायम नको असलं तर महिन्याच्या बोलीवर ये. पत्र आलं की सोडेन हे मी आधीच सांगून टाकलंय, तेव्हा ते म्हणाले, "गेल्या वर्षी पण हेच म्हणाली होतीस."

बॅग उपसली. पोळपाट आई वापरायला लागली, तिचा जुना तडकला होता म्हणे. चटणीचं मात्र ठरलं, माझी धरूनच करायची. उद्या गडहिंग्लजवरनं संकेश्वरी मिरची येणार आहे, आम्ही दोघी देठं काढायला बसणार. पिशवीवर नाव घालायचं नाही एवढंच मी आईला सांगितलंय, संपली तर संपली.

बुलेटिन_बहाद्दर

ताई, संपत नसली तर आमच्याकडं पाठवा. माझी तारीख या महिन्यात पण हललेली नाही.