रिकाम्या रस्त्यावर लाल रेघ: बर्लिनची हातगाडी ही कला की खोडी?

काळबादेवीकर (धागाकर्ता)

सायमन वेकर्ट या बर्लिनच्या कलाकाराने फेब्रुवारी २०२० मध्ये एक व्हिडिओ टाकला होता. लहानशी लाल हातगाडी, तिच्यात ९९ सेकंडहँड स्मार्टफोन, सगळ्यांवर गुगल मॅप्स चालू. तो गाडी ओढत मोकळ्या रस्त्याने सावकाश चालतोय आणि नकाशावर त्याच रस्त्याची हिरवी रेघ बघता बघता लाल होते. गुगलच्या तिथल्या ऑफिससमोरूनही तो असाच गेला. गुगल मॅप्सला त्याच महिन्यात १५ वर्षं होत होती.

मला हे काम फार मोलाचं वाटतं. लाल रेघ म्हणजे गाड्यांची रांग असं आपण धरून चालतो, पण ती हळू सरकणाऱ्या फोनांची असते. ज्याच्या खिशात फोन नाही तो रस्त्यावर असून नकाशात नाही.

माझं लहानपण काळबादेवीत गेलं. गल्लीतून कापडाचे गठ्ठे हातगाडीवरून जायचे, अजूनही जातात. पुढचा माणूस दांड्यावर छाती टेकून ओढतो, मागचा गठ्ठ्याला डोकं लावून ढकलतो, आणि चाक खड्ड्यात गेलं की दोघं एकदम श्वास रोखतात. आज त्याच गल्लीचा नकाशा उघडला की गडद लाल रेघ दिसते आणि पहिला विचार येतो, टॅक्सी दुसरीकडून घ्यावी. ती दोन माणसं मनातसुद्धा येत नाहीत. वेकर्टची गाडी बघेपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटली.

पेठेतला_इंजिनिअर

असहमत. काळबादेवीचं वर्णन भिडलं, पण त्याने खोडीची कला होत नाही. घाटात दिशा दाखवणारी पाटी कुणी फिरवून ठेवली तर आपण तिला कला म्हणू का? त्या दिवशी कुणी दवाखान्यात निघालं असेल, कुणाची ट्रेन असेल. नकाशा त्यांना लांबच्या रस्त्याने घेऊन गेला असेल तर जबाबदार कोण? नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस या खेळात सामील नव्हता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. आणि ट्रॅफिकची माहिती फोनांच्या वेगावरून काढतात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यासाठी ९९ फोन कशाला हवेत?

सायली_एडिसन

इंजिनिअरसाहेब, तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या आईला नाही. तिला ते त्या गाडीनेच समजलं.

आणि पाटी फिरवायचं म्हणाल तर हा नकाशा रोजच रस्ते फिरवतो. मी न्यू जर्सीत राहते. इथे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ लिओनिया नावाचं लहान गाव आहे. पुलावरची कोंडी चुकवायला ॲपं गाड्यांना गावातल्या गल्ल्यांमधून पाठवू लागली. लोकांना स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढता येईना. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी ६० रस्ते बाहेरच्यांना बंद केले आणि २०० डॉलर दंड ठेवला. पुढे कोर्टाने ती बंदी रद्द केली. त्या गल्ल्यांतल्या लोकांना तरी कुणी विचारलं होतं?

दादरचा_रायडर

मी दुचाकीवर पार्सल पोचवतो. उशीर झाला की पैसे कापले जातात, उशिराचं कारण कुणी ऐकत नाही. खोट्या लाल रेघेने माझा फेरा लांबला तर ते माझ्या पोटावर येतं. कलाकाराचं नाव झालं, चांगलं आहे. पण धडा गुगलला शिकवायचा होता ना? तो माझ्यासारख्याच्या खर्चाने नको.

काळबादेवीकर

@दादरचा_रायडर, तुमचा मुद्दा मला सर्वात जड वाटतो. तुमचा वाया गेलेला वेळ कुठल्याही कलेने भरून निघत नाही, मान्य.

तरी दोन गोष्टी सांगतो. वेकर्टला ही कल्पना १ मेच्या मोर्चात सुचली. रस्त्यावर गाडी एकही नव्हती, नुसती माणसं चालत होती, आणि नकाशा म्हणत होता वाहतूक कोंडी. म्हणजे नकाशाची चूक आधीची, वेकर्टची हातगाडी नंतरची. दुसरं, गुगलने यावर दिलेल्या उत्तरात भारत, इंडोनेशिया, इजिप्तसारख्या देशांत कार आणि मोटरसायकल वेगळी ओळखता येते असं सांगितलं, पण हातगाडीचं अजून जमलेलं नाही हेही कबूल केलं. म्हणजे तुमची दुचाकी मोजली जाते. काळबादेवीतली हातगाडी आजही कशात धरली जात नाही.

मृण्मयी_चित्रकला

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसलं? गाडी ओढणारा एक माणूस. कला घडली ती व्हिडिओत, जगभरच्या स्क्रीनवर. मग तिला सार्वजनिक जागेतली कला का म्हणायचं?

ख्रिश्चन नोल्ड या कलाकाराने २००५-०६ मध्ये लंडनच्या ग्रीनिचमध्ये केलेलं काम बघा. सुमारे ८० रहिवासी बोटांना सेन्सर लावून आपापल्या भागात फिरले. त्वचेच्या घामावरून मनाची खळबळ मोजली जायची, जीपीएसने जागा नोंदली जायची. परत आल्यावर लोक स्वतःचा आलेख बघून सांगायचे, इथे रस्ता ओलांडताना घाबरलो, इथे जुनी मैत्रीण भेटली. त्या सगळ्यांतून अख्ख्या वस्तीचा एक नकाशा तयार झाला. तिथे माणसं आपली गल्ली नव्याने बघायला शिकली. वेकर्टच्या कामात बघणारे आपण, आणि रस्ता दुसऱ्यांचा.

काळबादेवीकर

मृण्मयी, हे पटलं. मग काळबादेवीत तसंच करू या. सेन्सर नकोत. हातगाडीवाल्यांना विचारून, कागदी नकाशा घेऊन त्यांच्याबरोबर चालू. चाक कुठे अडकतं, पाणी कुठे मिळतं, गाडी उभी करून पाठ कुठे टेकता येते, ते त्यांच्याच तोंडून लिहून घेऊ. मग तो ऑनलाइन टाकू.

दादरचा_रायडर

ऑनलाइन टाकू नका. गाडी कुठे उभी करतात ते सर्वात आधी अतिक्रमणवाले बघतील. काही लोक नकाशात नाहीत म्हणूनच त्यांचा धंदा चालतो.

काळबादेवीकर

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग एकच प्रत काढू, कागदावर, आणि ती गाडीवाल्यांच्या अड्ड्यावरच राहील. कुणाला दाखवायची ते त्यांनी ठरवावं. तुम्ही याल का?

दादरचा_रायडर

दुपारी चारनंतर जमेल.