मदत हवी आहे: युकॉनमध्ये आरव्हीने फिरायचंय, पाच जण, ऑगस्टअखेर

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण, सगळे सांगली-मिरजेचे. वालचंदला एकत्र होतो, आता पन्नाशी ओलांडलीय. लडाख झालं, स्पिती झालं, आता कॅनडाच्या वायव्येला युकॉनचं खूळ डोक्यात बसलंय. महाराष्ट्राच्या दीडपट मुलूख आणि माणसं पन्नास हजारांच्या आत, त्यातली बहुतेक एकट्या व्हाइटहॉर्समध्ये. म्हणजे शहर सोडलं की रान आणि आपण. व्हाइटहॉर्सला विमानाने उतरायचं, तिथे आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची. त्या बाजूला कुणी आरव्ही चालवली असेल तर कृपया सांगा. लडाखच्या गोष्टी नकोत, त्या आमच्याकडे पोत्याने आहेत.

तारखांचं आधी सांगतो, म्हणजे "जूनमध्ये जा" असे सल्ले येणार नाहीत. एकाचं दुकान गणपती पेठेत आहे. 2019 च्या पुरानंतर तो ऑगस्टचा पाऊस सरल्याशिवाय, आयर्विन पुलाची पातळी उतरल्याशिवाय सांगली सोडत नाही. दुसऱ्याचा ऊसवाहतुकीचा धंदा, त्याला हंगामाआधी मोकळं व्हायचंय. आणि 2026 ला गणपती 14 सप्टेंबरला बसतायत. तेव्हा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, एवढीच फट आहे. वाचल्याप्रमाणे तेव्हा डास कमी झालेले असतात, झाडं पिवळी पडलेली असतात आणि रात्री पुन्हा काळोख पडायला लागल्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता असते. म्हणजे फट वाईट नाही.

आता मार्ग. व्हाइटहॉर्सहून क्लॉन्डाइक हायवेने डॉसन सिटी, साधारण 530 किमी. तिथे युकॉन नदीवर पूल नाही, फेरीबोटीत गाडी चढवायची. पलीकडून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात शिरून टोक नावाच्या गावी, आणि अलास्का हायवेने क्लुआनी सरोवराच्या काठाने परत. सगळं मिळून साडेचौदाशे किमीच्या आसपास. घोळ अलास्काचा आहे. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, तिघांकडे नाही. शिवाय भाड्याच्या गाड्यांना त्या कच्च्या रस्त्यावर बंदी असते असंही कळलं. ग्रुपवर रोज रात्री यावरून रण माजतं.

विचारायचं ते असं.

अलास्का सोडली तर सहलीत काही राम उरतो का?

गाडी ट्रान्सपोर्टवाला चालवणार. त्याला 25 फुटी गाडीचं काही वाटत नाही, म्हणतो कुंभार्ली घाटात ट्रक चढवलेत, तिथे काय सरळ रस्ता. मला काळजी उजव्या बाजूने चालवायची. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढतोय, ते वर्षभर चालतं. पण एकच ड्रायव्हर पुरेल का?

सगळ्यात महत्त्वाचं. आमच्यातल्या एकाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री मशीन लावूनच झोपतो. तिकडच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसते. मग मशीन कशावर चालवायचं? हे सुटलं नाही तर बाकी सगळं बोलणं फुकट, कारण त्याला सोडून आम्ही जाणार नाही.

आणि हो, संडासाची टाकी कोण रिकामी करणार यावर चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय. ते काम नक्की किती वाईट असतं?

---

प्रेअरीतली ताई:

दादा, मी अल्बर्टात राहते. आम्ही दोन कुटुंबांनी युकॉन आरव्हीने केलंय. अलास्का खुशाल सोडा. डॉसनहून माघारी फिरताना डेम्पस्टर हायवेवर टूम्बस्टोन पार्कपर्यंत जाऊन या, कॅम्पग्राउंड वळणापासून 70 किमीवर आहे. रस्ता खडीचा आहे, त्यामुळे कंपनीची लेखी परवानगी घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही. परवानगी नाही मिळाली तर छोटी गाडी बघा. तिथून व्हाइटहॉर्सला परत येऊन हेन्स जंक्शन आणि क्लुआनी. कॅनडातलं सर्वात उंच शिखर, माउंट लोगन, 5,959 मीटर, क्लुआनीच्या पार्कात आहे. रस्त्यावरून ते दिसत नाही, पुढच्या डोंगरांनी झाकलेलं असतं. बघायचंच असेल तर छोटं विमान करावं लागतं, खिसा सांभाळून.

मशीनबद्दल. गाडीत राहण्याच्या भागाची वेगळी 12 व्होल्टची बॅटरी असते, ती गाडी चालताना चार्ज होते. तुमच्या मशीनच्याच कंपनीचा डीसी अडॅप्टर इथूनच घेऊन जा. तो थेट 12 व्होल्टवर चालतो, इन्व्हर्टर लागत नाही. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. पण सप्टेंबरात रात्री पारा शून्यापाशी येतो. मग गाडी आतून गरम ठेवणारी गॅसवरची भट्टी चालू राहते आणि तिचा पंखाही त्याच बॅटरीवर. म्हणून एक रात्र सरकारी जागेत, एक रात्र वीज असलेल्या खासगी आरव्ही पार्कात, असं बसवा. व्हाइटहॉर्स आणि डॉसन दोन्हीकडे असे पार्क आहेत. रात्री जनरेटर लावू देत नाहीत, त्याच्यावर विसंबू नका. आणि निघण्याआधी घरीच एक रात्र गाडीच्या बॅटरीवर मशीन लावून बघा.

सरकारी कॅम्पग्राउंडवर जळण फुकट असतं, हे तुमच्या ग्रुपला सांगा, भांडण मिटेल.

---

मार्केटयार्ड:

शेठ, एक महत्त्वाचं. तांदूळ, डाळी, अख्खे धणे-जिरे इथून नेऊ नका. खपरा किडीमुळे कॅनडाने भारतातून प्रवासी सामानात असा माल आणायला बंदी घातलीय. धान्याच्या व्यापारात असल्याने खपरा काय चीज आहे ते मला माहीत आहे: पोत्याच्या शिवणीत अळी वर्षानुवर्षं उपाशी पडून राहते आणि औषधालाही दाद देत नाही. तिकडे एकदा शिरला की निघणार नाही म्हणून घाबरतात, बरोबरच आहे. तांदूळ-डाळ तिथेच घ्या. भडंग, दळलेले मसाले नेणार असाल तर कस्टमच्या फॉर्मवर लिहा, लपवू नका.

---

प्रेअरीतली ताई:

मार्केटयार्डांना अनुमोदन. फोडणी आतच द्या, एक्झॉस्ट पंखा लावून आणि खिडकी उघडून, नाहीतर धुराचा अलार्म कोकलतो. बाहेर टेबलावर उष्टं, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा ठेवायची नाही. अस्वलं वासावर येतात. अस्वलांचा स्प्रे विमानात नेता येत नाही, व्हाइटहॉर्सला घ्या आणि परतताना कुणाला तरी देऊन टाका.

टाकीचं काम पाच-दहा मिनिटांचं. हातमोजे घालायचे, पाइप घट्ट बसलाय ना बघायचं, आधी संडासाची टाकी सोडायची, मग भांड्यांच्या पाण्याची. त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा केलात तर चिठ्ठी निघालेला माणूस तुमच्याशी बोलणार नाही.

ड्रायव्हर मात्र दोन हवेत. करारात दोघांची नावं घाला. टाकी अर्धी झाली की मिळेल तिथे पेट्रोल भरा, ही गाडी लिटरला चार-पाच किमीच देते. फोनची रेंज गावाबाहेर जाते. खडी उडून पुढची काच तडकण्याचा विमा बहुतेक वेळा वेगळा असतो, तो विचारून घ्या.

---

धागाकर्ता:

ताई, शेठ, दोघांचे मनापासून आभार. अलास्का रद्द. व्हिसा असलेल्या दोघांनी तोंड वाकडं केलं, पण तीन विरुद्ध दोन. अडॅप्टर आजच मागवला. खडीच्या रस्त्याच्या परवानगीसाठी दोन कंपन्यांना मेल टाकलीय, उत्तर आलं की इथेच लिहितो. दुसरा ड्रायव्हर म्हणून माझंच नाव पुढे आलंय. आतापर्यंत वॅगनआरपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही, तेव्हा ट्रान्सपोर्टवाला रविवारपासून मला त्याच्या टेम्पोवर बसवणार आहे. 25 फुटी गाडी मागे घेताना काय बघावं, हे कुणी सांगू शकेल का?