उजव्या पट्टीचा वारसा खालच्या पानांना द्यावा का?

कोथरूडकर
पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेची साइट मी सांभाळतो. वर संस्था, तिच्याखाली महाविद्यालयं, मग विभाग, मग अभ्यासक्रम. वरच्या पानाच्या साइडबारला, म्हणजे उजव्या पट्टीला, लावलेलं विजेट (सूचना, फोन नंबर असा छोटा चौकोन) खाली सगळीकडे आपोआप झिरपतं. हाच तो वारसा. जूनमध्ये कुणीतरी 'प्रवेशाची अंतिम तारीख' वर टांगली. दिवाळीपर्यंत ती ग्रंथालयाच्या पानावर होती, आणि दिवंगत प्राध्यापकांच्या श्रद्धांजलीच्या पानावरसुद्धा, 'त्वरा करा!' सकट. काढायला गेलो तर त्या पानाच्या सेटिंगमध्ये काहीच नाही. विजेट तीन पिढ्या वरचं!
माझं मत साधं आहे: वारसा बंद करा. जे पानावर दिसतं ते त्याच पानाच्या सेटिंगमध्ये सापडलं पाहिजे.

धायरीफाटा
आणि हेल्पलाइनचा नंबर बदलला की? प्रत्येक विभागात जाऊन हातानं बदलणार? आमच्याकडे हा प्रयोग झालाय. साइडबारच्या प्रती काढल्या, वर्षभरात प्रत्येक प्रतीचं वळण वेगळं. एका विभागात तर निवृत्त क्लार्कचा नंबर अजून झळकत होता आणि बिचारे फोन उचलतही होते.
दोष वारशाचा नाही. तारीख वर टांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही, हा दोष आहे.

कोथरूडकर
विचारणार कोण? टांगणारे स्वतः प्राचार्य होते.

पर्वतीपायथा
प्लोनमध्ये (हेही वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) याची सोय बऱ्याच आधीपासून आहे. फोल्डरला पोर्टलेट (तिथलं विजेट) लावलं की आतल्या सगळ्या पानांना ते लागतं. पण कुठल्याही पोटफोल्डरवर सांगता येतं की वरून येणारी पोर्टलेटं इथे अडवा. श्रद्धांजलीच्या फोल्डरवर ते एकदा केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

धायरीफाटा
हेच म्हणतोय. वारसा असावा आणि नाकारायचा हक्कही असावा.

कोथरूडकर
अडवलं की सगळंच अडतं ना पण! प्रवेशाची तारीख नको, हेल्पलाइन हवी, तर हेल्पलाइन खाली पुन्हा हातानं लावा. म्हणजे परत प्रतच. शिवाय आमची साइट वर्डप्रेसवर आहे.

नाना_नवीपेठ
वर्डप्रेस स्वतःहून वारसा देतच नाही हो. थीम (साइटचा साचा) ज्या पानाला जो साइडबार लावेल तो दिसतो. तुमच्या थीमवाल्यानं 'गेट_पोस्ट_अँसेस्टर्स' (पानाच्या वरच्या सगळ्या पानांची यादी देणारं फंक्शन) वापरून वर चढण्याचा कोड लिहिला असणार. त्या यादीत पहिला येतो थेट पालक आणि शेवटी सगळ्यात वरचा. नेमकं इथेच पुष्कळांचं उलटं होतं: शेवटचा उचलतात आणि विभागाचा स्वतःचा साइडबार असूनही संस्थेचा दिसतो. आधी ते तपासा. जवळच्या पूर्वजापासून सुरुवात करायची, ज्याच्याकडे भरलेला साइडबार सापडेल तिथे थांबायचं. बाकी तत्त्वज्ञान नंतर.
आणि पोस्टना (बातम्यांसारख्या सुट्या नोंदींना) हे लावू नका. एक पोस्ट दोन कॅटेगरीत असते, मग वारसा कुठल्या घरचा? वारसा फक्त पेजेसना.

बाणेर_डेव्ह
२०२६ मध्ये साइडबारवर भांडताय! मोबाइलवर तो मजकुराच्या खाली जातो, तिथवर स्क्रोल कोण करतं?

नाना_नवीपेठ
पालक करतात. फीचा तक्ता शोधत. तुम्ही कधी ॲडमिशनच्या रांगेत उभे राहिला नाहीत वाटतं.

विश्रामबाग_वाडा
आमची साइट ड्रुपल या तसल्याच सॉफ्टवेअरवर आहे, तिथे आम्ही वारसा वगैरे भानगडच ठेवली नाही. ब्लॉक (तिथलं विजेट) कुठल्या पाथवर, म्हणजे पानाच्या पत्त्यावर, दिसायचा ते लिहायचं. '/प्रवेश/*' म्हणजे त्याखालची सगळी पानं. फक्त खुद्द '/प्रवेश' त्यात येत नाही, ते वेगळ्या ओळीत लिहावं लागतं. माझे दोन दिवस त्यात गेलेत.

धायरीफाटा
आणि कुणी पाथ बदलला की ब्लॉक गायब. हा काय उपाय झाला?

कोथरूडकर
नानांचं बरोबर निघालं. कोड यादीचं शेवटचं टोकच उचलत होता. श्रद्धांजलीच्या सेक्शनला वेगळा साइडबार आधीच्या माणसानं केलेला होता, तो कधी दिसलाच नाही. दुरुस्त केलं.
तरी माझं मत तेच. हे शोधायला मला कोड उघडावा लागला. ऑफिसातल्या ताईंनी काय उघडायचं? निदान साइडबारच्या खाली, लॉग-इन केलेल्यांपुरती, 'हे अमुक पानावरून आलं' अशी एक ओळ तरी दिसायला हवी.

धायरीफाटा
ओळ दाखवा, हरकत नाही. पण मग वारसा बंद करायची गरज राहते कुठे?

कोथरूडकर
प्राचार्यांना विचारून सांगतो.