लेख व्हायरल होतो तो नेमका कशामुळे?

निवांत: एखादा साधाच लेख दोन दिवसांत सगळीकडे फिरतो आणि जीव ओतून लिहिलेला तिथंच पडून राहतो, हे ठरतं कशावर? की नुसतं नशीब?

उचापती: नशीब आहेच थोडं, पण भावना जास्त. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या लेखांवर एक अभ्यास आला होता, त्यात अचंबा, राग किंवा काळजी वाटायला लावणारे लेख लोकांनी जास्त पाठवले, नुसते उदास करणारे कमी. माणूस पेटला की फॉरवर्ड करतो, हिरमुसला की फोन बाजूला ठेवतो.

खडूस: आणि वाचून शेअर करतात हा गैरसमज नको हां. २०१६ च्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या ५९ टक्के लिंक्सवर कुणी क्लिकच केलं नव्हतं!! म्हणजे खेळ सगळा शीर्षक आणि प्रिव्ह्यूच्या फोटोचा, तिथं फोटोत डोकं कापलेलं आणि शीर्षक अर्धं तुटलेलं दिसलं की संपलं.

रिकामटेकडा: त्यात एकाने दहांना, दहांनी शंभरांना असं कमीच होतं, बहुतेक वेळा भरपूर फॉलोअर्सवाल्या कुणीतरी टाकलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो.

निवांत: बरं, मग शीर्षक बदलून बघतो, लेख तोच.

खडूस: बघा, पण आत भलतंच निघालं तर लोक कमेंटमध्ये सोलतात.