मार्केसचा जुगार नेमका कुठला?

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतला रायडर मार्क मार्केस. होंडाचा गलेलठ्ठ करार एक वर्ष आधी सोडून ग्रेसिनी या डुकाटीच्या गाड्या वापरणाऱ्या खासगी संघाकडे जाणं हा त्याचा सगळ्यात मोठा जुगार, असं म्हणतात. अर्धवट पटलं. पैसा गेला हे खरंच, पण ग्रेसिनीशी करार एकाच वर्षाचा होता आणि गाडी वर्षभर जुनी असली तरी तेव्हाच्या सगळ्यात वेगवान डुकाटीचीच होती. होंडावर दर आठवड्याला हाडं मोडून घेण्यापेक्षा बरं!

खरा डाव त्याने २०२४ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या शर्यतीवेळी टाकला. डुकाटीचा कल प्रामाक या आपल्या गाड्या वापरणाऱ्या दुसऱ्या खासगी संघातल्या होर्खे मार्तिनला फॅक्टरी संघात (कंपनीच्या स्वतःच्या संघात) घेऊन मार्केसला प्रामाककडे धाडण्याचा होता. मार्केसने पत्रकारांसमोर सरळ सांगून टाकलं, प्रामाक हा माझ्यासाठी पर्याय नाही. तोवर त्या मोसमात त्याने एकही मुख्य शर्यत जिंकलेली नव्हती, हे विशेष. तरी डुकाटी नमली आणि फॅक्टरी संघातली जागा मार्केसला दिली. चिडलेल्या मार्तिनने रेस संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्रिलिया ही प्रतिस्पर्धी कंपनी गाठली, पुढे प्रामाकही यामाहाकडे गेली. शिवाय मार्तिन त्याच वर्षी जगज्जेता झाला आणि जगज्जेत्याचा १ नंबर अप्रिलियाच्या गाडीवर गेला. म्हणजे मार्केसच्या एका नकाराची किंमत डुकाटीने मोजली. २०२५ चं विजेतेपद मार्केसने मिळवून दिल्यामुळे आता कोणी ते बोलत नाही, इतकंच.